इंद्रधनुषी रंगशैली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारशाची सजावट, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा पडदा, कापडी पिशवीवरची छपाई, संकेतस्थळाचा मथळा अशा नाना कामांसाठी ‘जरा इंद्रधनुष्यासारखे करून द्या’ अशी मागणी येते आणि तिच्या पाठोपाठ त्याच त्या शंकाही येतात. त्यांची उत्तरे दर वेळी तोंडी देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान केले आहे.

रंगीबेरंगी आणि इंद्रधनुषी यांत फरक काय?

फरक क्रमाचा आहे. पणजीच्या फोंतैन्यास भागातून चालताना पिवळ्या, निळ्या, गेरूसारख्या लाल रंगांची घरे शेजारी शेजारी दिसतात. ती गल्ली रंगीबेरंगी आहे, आणि फार सुंदरही आहे, पण तिला इंद्रधनुषी म्हणता येणार नाही, कारण पिवळ्या घराशेजारी कोणते घर असावे याचा तिथे काही नेम नाही. नवरात्रातल्या नऊ दिवसांच्या नऊ रंगांचेही तसेच आहे. त्यांत पांढरा असतो, करडा असतो आणि आजच्या रंगाचा उद्याच्या रंगाशी डोळ्यांना जाणवेल असा संबंध नसतो. इंद्रधनुष्यात मात्र प्रत्येक रंग आपल्या दोन्ही शेजाऱ्यांचा नातेवाईक असतो. नारिंगीच्या एका अंगाला तांबडा आणि दुसऱ्या अंगाला पिवळा नसेल, तर सातही रंग हजर असूनही पाहणाऱ्याच्या मनात इंद्रधनुष्य उमटत नाही.

याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण म्हणजे रॉब जॅनॉफ यांनी १९७७ साली ॲपल कंपनीसाठी केलेले पट्ट्यांचे सफरचंद. त्यात वरून खाली हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा, जांभळा आणि निळा असे सहा पट्टे होते. तांबड्यापासून सुरुवात नाही, रंगही सातांऐवजी सहाच. पण रंगचक्रावर हिरव्यापासून निघून एकाच दिशेने फिरत गेले तर हेच रंग याच क्रमाने भेटतात. म्हणजे सुरुवातीची जागा बदलली तरी शेजार मोडलेला नाही. त्यामुळे १९९८ पर्यंत वापरात राहिलेले ते चिन्ह लोकांनी बिनतक्रार इंद्रधनुषी मानले. आपल्या कामात एवढे एक पथ्य पाळले, तरी बऱ्याच चुका जागच्या जागी टळतात.

रंग सातच का? सहा किंवा आठ घेतले तर चूक होईल का?

चूक होणार नाही. वर्णपट सलग असतो आणि तांबडा संपून नारिंगी सुरू होतो अशी रेघ आकाशात कुठेही आखलेली नसते. सात हा आकडा आयझॅक न्यूटन यांच्याकडून आला. लोलकातून सूर्यप्रकाश पाठवून केलेल्या प्रयोगांच्या वर्णनात त्यांनी आधी तांबडा, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा असे पाचच मुख्य रंग धरले होते. पुढे संगीतातील सप्तकाशी मेळ बसावा म्हणून त्यांनी नारिंगी आणि पारवा यांची भर घातली, आणि १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या त्यांच्या ग्रंथात सात रंगांचे वर्तुळ सप्तकाच्या स्वरांप्रमाणे विभागलेले आहे. आपण शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ हा जो मंत्र घोकला, त्याच्या मुळाशी असे स्वर आहेत, हे कळल्यावर तो मंत्र मला तरी जास्त आवडू लागला.

दृश्य रचनेत मात्र सहा रंग अधिक सोयीचे पडतात, कारण निळा आणि जांभळा यांच्या मधला पट्टा लांबून ओळखू येत नाही. लहान आकाराच्या चिन्हात पाच रंगही पुरतात. तीनवर आल्यास मात्र ते इंद्रधनुष्य राहत नाही, कुठल्या तरी देशाचा झेंडा वाटू लागतो.

‘पारवा’ म्हणजे नेमका कोणता रंग घ्यायचा?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि त्यात विचारणाऱ्याचा काही दोष नाही. पारवा म्हणजे कबूतर, आणि कबुतराच्या अंगाचा रंग राखाडीकडे झुकलेला निळा. तोच रंग कोणी प्रामाणिकपणे पट्ट्यात भरला, तर सहा झळझळीत रंगांच्या मध्ये एक धुळकट पट्टा येतो आणि रंगाचा बेरंग होतो. न्यूटन यांनी या जागी ‘इंडिगो’ हा शब्द वापरला होता. तो मुळात ‘भारतातून येणारी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला असून तो निळीच्या रोपापासून मिळणाऱ्या रंगद्रव्याचे नाव आहे. म्हणून पारव्याच्या जागी गडद, किंचित जांभळट निळा घ्यावा आणि त्याच्या अलीकडचा ‘निळा’ आकाशाकडे झुकवावा. असे केले की दोघांमध्ये पुरेसे अंतर पडते. न्यूटन यांचा निळा हा आजच्या आकाशी निळ्याच्या जवळचा असावा, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे, आणि ते धरून चालल्यास सातही पट्टे वेगवेगळे दिसतात.

तांबडा वर घ्यायचा की खाली?

कमान काढायची असेल तर तांबडा बाहेर आणि जांभळा आत, कारण मुख्य इंद्रधनुष्यात तांबडा प्रकाश सुमारे ४२ अंशांच्या कोनात आणि जांभळा त्याहून थोड्या कमी कोनात डोळ्यांत शिरतो. कधी कधी वर दिसणाऱ्या दुसऱ्या, फिकट धनुष्यात, म्हणजे साधारण ५१ अंशांवर, हाच क्रम उलटा असतो आणि दोन्ही धनुष्यांच्या मधले आकाश आजूबाजूच्या आकाशापेक्षा काळसर दिसते. चित्रात दुहेरी इंद्रधनुष्य काढणारे बहुतेक जण दोन्ही कमानी सारख्याच रंगवतात. जाणकाराला ते लगेच खटकते.

सरळ आडवे पट्टे असतील तर असे बंधन नाही. इटलीतील शांतता चळवळीचा १९६१ पासून दिसू लागलेला ध्वज सहसा जांभळ्यापासून खाली उतरतो. तरीही आपल्याकडे शालेय पाठांतराची सवय एवढी पक्की आहे, की तांबडा खाली गेलेला दिसला तर ‘उलटे छापले का?’ असा फोन हमखास येतो.

गुलाबी, तपकिरी, काळा आणि पांढरा या शैलीत चालतात का?

राणी रंग, म्हणजे गडद गुलाबी, वर्णपटात नाही. तांबडा आणि जांभळा ही वर्णपटाची दोन टोके डोळ्यात एकाच वेळी पोहोचली की आपल्याला तो दिसतो. मात्र रंगचक्र मिटवून वर्तुळ पूर्ण करायचे असेल, तर ही दोन टोके जोडणारा दुवा तोच असल्याने गोल रचनेत तो अगदी चपखल बसतो. तपकिरी म्हणजे मंद केलेला नारिंगी, त्यामुळे त्याला या रांगेत वेगळी जागा देऊ नये. काळा आणि पांढरा हे रांगेत उभे करायचे रंग नाहीत, ते पार्श्वभूमीचे रंग आहेत. काळ्यावर सात रंग पेटल्यासारखे दिसतात आणि पांढऱ्यावर पिवळा हरवतो.

सर्व पट्टे सारख्या रुंदीचे घेतले, तरी नजर पिवळ्यावरच का खिळते?

कारण रुंदी सारखी असली तरी उजळपणा सारखा नसतो. संगणकाच्या पडद्यावरील शुद्ध पांढऱ्याचे तेज १०० धरले, तर शुद्ध पिवळ्याचे तेज सुमारे ९३, हिरव्याचे ७२, तांबड्याचे २१ आणि निळ्याचे अवघे ७ भरते. म्हणजे आपण ज्यांना समान वाटा दिला असे समजतो, त्या पिवळ्या आणि निळ्यात तेजाच्या हिशोबाने तेरापट तफावत असते. रंग निवडण्याच्या जुन्या पद्धतीत चक्रावर समान अंतराने सात खुणा करून रंग उचलले जातात, आणि ही तफावत त्या चक्राला दिसतच नाही. डोळ्याला जाणवणारा उजळपणा धरून बेतलेल्या नव्या रंगपद्धती आता रचनेच्या आज्ञावल्यांतून आणि संकेतस्थळांच्या शैलीभाषेतून उपलब्ध आहेत, त्या वापराव्यात.

तशी सोय नसेल तर निसर्गाचेच अनुकरण करावे. दृश्य प्रकाशाचा पल्ला साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर धरला, तर त्यात पिवळ्याच्या वाट्याला जेमतेम वीस नॅनोमीटर येतात. खऱ्या इंद्रधनुष्यात पिवळा पट्टा अरुंद असतो आणि तेवढ्यावरही तो सर्वांत झळाळतो. समान रुंदीचे पट्टे ही माणसाने कापडाच्या आणि छपाईच्या सोयीसाठी लावून घेतलेली सवय आहे. पिवळा थोडा अरुंद करून त्यात केशराचा अंश वाढवला आणि निळा थोडा रुंद व उजळ केला, की नजर एका जागी अडकण्याऐवजी टोकापासून टोकापर्यंत फिरते.

पडद्यावर सुरेख दिसलेले रंग फ्लेक्सवर मळकट का उतरतात?

पडदा प्रकाश मिसळतो आणि छपाई शाई मिसळते, हे त्याचे थोडक्यात उत्तर आहे. आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांमधून पडद्यावरचा झळझळीत हिरवा, नारिंगी आणि जांभळा मिळू शकत नाही. चार शायांच्या आवाक्याबाहेरचा रंग आला की यंत्र त्याला ओढून आवाक्यातल्या जवळच्या रंगावर आणून बसवते.

सर्वांत जास्त फसवणूक निळ्यात होते. माझ्याच एका कामात बारा फुटी फलकावर निळा, पारवा आणि जांभळा असे तीन पट्टे होते. फलक छापून आला तेव्हा तिन्हींच्या जागी जांभळ्याचा एकच रुंद पट्टा दिसत होता, आणि यजमानांनी तो पाहून ‘सातवा रंग कुठे गेला?’ असे विचारले तेव्हा सहावाही गेला आहे, हे त्यांना सांगण्याचा धीर मला झाला नाही. चूक छापखान्याची नव्हती. निळ्यात मी किरमिजी शाई जवळजवळ आकाशीइतकीच ठेवली होती, आणि अशा प्रमाणात निळा जांभळ्याकडे सरकतो. निळा निळाच राहावा असे वाटत असेल, तर किरमिजीचे प्रमाण आकाशीपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवावे. मोठी ऑर्डर देण्यापूर्वी वितभर तुकडा त्याच माध्यमावर छापून उन्हात पाहावा, कारण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच बरे दिसते.

स्वतंत्र पट्टे चांगले की एकमेकांत विरघळणारे रंग?

पट्टे ठाम वाटतात, लांबून वाचता येतात आणि कापड, विणकाम, भरतकाम, रांगोळी यांना सोयीचे पडतात. विरघळणारे रंग, म्हणजे ग्रेडियंट, हवेशीर वाटतात, पण त्यात एक खड्डा आहे. तांबड्यापासून थेट हिरव्यापर्यंत संगणकाला जायला सांगितले, तर मध्ये खाकीसारखा चिखलट रंग येतो, आणि पिवळ्यापासून थेट निळ्यापर्यंत जायला सांगितले तर मध्ये करडा लागतो. दोन टोके देऊन मोकळे न होता मधली स्थानकेही आपण स्वतः नेमून द्यावीत. इथेही पुन्हा शेजाराचाच नियम लागू होतो.

शाईच्या छपाईत हा परिणाम संगणकाच्या कितीतरी आधीपासून साधला जात होता. एकाच शाईपात्रात दोन-तीन रंग शेजारी शेजारी ओतायचे आणि रुळाच्या फिरण्याने त्यांच्या कडा आपोआप मिसळू द्यायच्या, अशी ती युक्ती. १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतील संगीत मैफिलींच्या भित्तिपत्रकांनी ती गाजवली. त्यात कोणतीही दोन पत्रके तंतोतंत सारखी निघत नसत, आणि त्यांची खरी गोडी त्यातच होती असे मला वाटते.

इंद्रधनुषी पार्श्वभूमीवर अक्षरे कशी लिहावीत?

शक्यतो लिहू नयेत. पांढरी अक्षरे निळ्यावर उठून दिसतात आणि पिवळ्यावर पुसली जातात, तर काळ्या अक्षरांचे नेमके उलटे होते. वाचनीयतेसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ : १ इतका भेद असावा असा संकेतस्थळांसाठीचा रूढ निकष आहे, आणि शुद्ध पिवळ्यावर पांढऱ्या अक्षराचा भेद १.१ च्याही खाली जातो. एकच वाक्य सात रंगांवरून न्यायचे असेल, तर त्याखाली पांढरी किंवा काळी पट्टी द्यावी. अक्षरेच सात रंगांची करायची असतील, तर देवनागरीत शिरोरेषा आणि मात्रा-वेलांट्या यांचे रंग तुटतात. म्हणून एक अक्षर, त्याच्या काना-मात्रेसह, एकाच रंगात ठेवावे.

आलेख आणि नकाशांत हे रंग वापरावेत का?

मोजलेल्या किमती दाखवायच्या असतील तर टाळावेत. इंद्रधनुषी रंगपट्टी वैज्ञानिक आलेखांत दीर्घकाळ सर्रास वापरली गेली, पण पिवळ्यापाशी तेज एकदम उसळत असल्यामुळे आकडेवारीत नसलेली कड चित्रात दिसू लागते आणि असलेला फरक हिरव्याच्या रुंद पट्ट्यात दबून जातो. या कारणाने मॅटलॅब आणि मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या आज्ञावल्यांनी अनुक्रमे २०१४ आणि २०१७ मध्ये ही पट्टी मूळ पसंतीतून काढून टाकली. शिवाय युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्के लोकांना तांबडा आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, म्हणजे ज्या दोन रंगांवर अशा आलेखाची सारी मदार असते, तेच त्यांना सारखे दिसतात.

थोड्या पायऱ्या आणि प्रत्येकीला नाव असेल, तर मात्र हाच क्रम उपयोगी पडतो. हवामान खात्याचे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे इशारे वर्णपटाच्याच क्रमाने चढतात, आणि ‘ऑरेंज अलर्ट’च्या पुढची पायरी कोणती, हे पावसाळ्यात रायगड-रत्नागिरीतल्या कुणालाही समजावून सांगावे लागत नाही.

साबणाच्या फुग्याचे रंग, ‘होलोग्राफिक’ कागद आणि धूपछाव कापड हे याच शैलीत मोडतात का?

ही इंद्रधनुष्याची चुलत भावंडे आहेत. पावसात भिजलेल्या रस्त्यावर, उभ्या स्कूटरखाली तेलाचा थेंब पसरतो तेव्हा त्याच्याभोवती रंगांची कडी दिसतात. जरा वाकून पाहिले तर त्यांत किरमिजी आणि हिरवट निळा पुन्हा पुन्हा येतात, आणि तानापिहिनिपाजाचा क्रम कुठेच जुळत नाही. ते रंग तेलाच्या पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतलेल्या प्रकाशाच्या मेळातून निर्माण होतात आणि आपण मान हलवली की तेही हलतात. मोरपिसाचा निळा-हिरवाही असाच रचनेतून येणारा आहे.

धूपछाव वस्त्राची गोष्ट आणखी साधी आहे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला, की कापडाच्या चुणीगणिक एकेक रंग वर येतो. पैठणीत हिरव्या-जांभळ्याचा असा खेळ पाहिलेला कोणीही त्याला इंद्रधनुषी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये, कारण त्याचे सौंदर्य दोनच रंगांच्या लपंडावात आहे. होलोग्राफिक कागद मागवताना ‘सप्तरंगी’ एवढेच न सांगता ‘चमकून रंग बदलणारा’ असे स्पष्ट सांगावे.

सात पट्टे काढले तर त्याचा काही वेगळा अर्थ घेतला जाईल का?

घेतला जाऊ शकतो, आणि तो ठाऊक असलेला बरा. सॅन फ्रान्सिस्कोत २५ जून १९७८ रोजी गिल्बर्ट बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताने रंगवलेला आठ पट्ट्यांचा ध्वज फडकला. त्यात सर्वांत वर गडद गुलाबी होता, पण त्या रंगाचे कापड मोठ्या प्रमाणात मिळेना म्हणून तो गळला. पुढे आणखी फेरबदल होऊन १९७९ पासून तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा असे सहाच पट्टे रूढ झाले. समलिंगी, पारलिंगी आणि इतर क्विअर समूहांचा तो जगभरचा ध्वज आहे, आणि मुंबई-पुण्याच्या अभिमान यात्रांतही तोच दिसतो.

सात पट्ट्यांचा आणखी एक ध्वज आपल्या मुलखात त्याच्याही आधीपासून फडकतो आहे, तो सहकाराचा. आंतरराष्ट्रीय सहकारी संघटनेने तो १९२५ मध्ये स्वीकारला. इतर इंद्रधनुषी ध्वजांशी घोटाळा होऊ नये म्हणून २००१ मध्ये तिने स्वतःचा ध्वज बदलला, तरी १४ ते २० नोव्हेंबरच्या सहकार सप्ताहात आपल्या साखर कारखान्यांवर आणि पतसंस्थांवर सप्तरंगी ध्वज चढतोच. पंचशील ध्वज मात्र यात धरू नये. त्यातील निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी यांचा क्रम वर्णपटाचा नाही, आणि त्याला वेगळा धार्मिक अर्थ आहे.

सजावटीसाठी सात रंग वापरण्यात कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. मात्र सहा आडवे पट्टे आणि ध्वजाचे प्रमाण हे दोन्ही एकत्र आले, तर पाहणारा तो ध्वजच समजेल, आणि त्याचे समजणे बरोबरच असेल.

ही शैली बालिश वाटू नये यासाठी काय करावे?

सात रंग पूर्ण भडकपणाने, गोल कोपऱ्यांच्या आकारांत आणि पांढऱ्या ढगांसह आले की बालवाडीची भिंत तयार होते. त्यांपैकी कोणतीही एक गोष्ट काढून घेतली तरी चित्र बदलते. डेन्मार्कमधील आरहूस शहरातल्या आरोस कलासंग्रहालयाच्या छतावर ओलाफुर एलियासन यांनी २०११ मध्ये उभारलेला १५० मीटर परिघाचा गोलाकार मार्ग हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या भिंती रंगीत काचांच्या असून चालणाऱ्याला एका वेळी प्रामुख्याने एकाच रंगातून शहर दिसते, आणि पूर्ण वर्णपट पाहायचा तर पूर्ण फेरी मारावी लागते. तिथे रंग एकही कमी केलेला नाही, फक्त तो एका दमात वाढलेला नाही. पुस्तिका करायची असेल तर हीच कल्पना दर प्रकरणाला एक रंग देऊन साधता येते.

दाराशी सप्तरंगी रांगोळी काढायची आहे. सुरुवात कुठून करावी?

आधी जमिनीचा रंग पाहावा. गेरूने सारवलेल्या चौकोनावर बाहेरचा तांबडा पट्टा विरून जातो आणि कमान नारिंगीपासूनच सुरू झाल्यासारखी दिसते. त्यासाठी तांबड्याच्या बाहेरून पांढऱ्या रांगोळीची एक बारीक रेघ चिमटीने सोडावी. हिरवा आणि नारिंगी रंग शक्यतो तयारच घ्यावेत, कारण कोरडी पूड पिवळ्यात निळी मिसळून हिरवी करायला गेले तर तो हिरवा फिकट आणि राखेसारखा होतो. पिवळा पट्टा इतरांच्या निम्म्या रुंदीचा ठेवावा. रंग हाताने न पसरता चहाच्या गाळणीतून, गाळणीच्या कडेवर बोटाने हलके टिचकी मारत सोडले, तर थर सारखा बसतो आणि शेजारच्या पट्ट्यांच्या कडा एकमेकांत जराशा मिसळतात. तेवढे मिसळणे हवेच. उंबऱ्याच्या बाजूला बसून आधी सर्वांत लांबचा तांबडा भरावा आणि एकेक पट्टा आत घेत जांभळा शेवटी, आपल्या गुडघ्यापाशी आणावा, म्हणजे भरलेल्या रंगावरून पदर फिरत नाही.